दृक्-श्राव्य संज्ञापनाची पदवी : ठाण्यात राहून कुठे शिकावे आणि पुढे कोणते काम मिळते?

पाचपाखाडी (धागाकर्ती)

नमस्कार. माझी मुलगी यंदा विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली असून भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन्ही विषय तिच्याकडे होते. अभियांत्रिकीला प्रवेश मिळेल इतके गुण तिला आहेत, परंतु तिला दृक्-श्राव्य माध्यमांचे रीतसर शिक्षण घ्यायचे आहे आणि तो विचार ती बदलेल असे दिसत नाही. घरात उघड विरोध कुणाचाच नाही. मात्र पदवी हाती आल्यावर नेमके कोणते काम मिळते, या प्रश्नाचे उत्तर आम्हा कुणाकडे नाही आणि तिच्याकडेही ते अर्धेच आहे. माझे दीर बँकेत आहेत, त्यांच्या मते हा छंद म्हणून उत्तम आहे, आणि सध्या तरी त्यांचे म्हणणे खोडून काढण्याइतकी माहिती माझ्यापाशी नाही.

पहिली तीन वर्षे तिने घरी राहून शिकावे अशी आमची इच्छा आहे. मुंबई विद्यापीठाचे कोणते अभ्यासक्रम उपयोगाचे आहेत, ठाणे-नवी मुंबईत ते कुठे मिळतात आणि त्यातून कोणकोणत्या नोकऱ्यांकडे जाता येते, हे प्रत्यक्ष या क्षेत्रात असणाऱ्यांनी सांगावे ही विनंती. "मनाचे ऐका" या स्वरूपाचा सल्ला आम्हाला पुरेसा मिळालेला आहे.

वर्गाबाहेर

मी नवी मुंबईतील एका महाविद्यालयात जनसंज्ञापन (मास कम्युनिकेशन) शिकवतो, त्यामुळे माझ्या म्हणण्यात हितसंबंध आहे असे धरूनच ते वाचावे.

या विषयातील मुंबई विद्यापीठाची सर्वांत परिचित पदवी म्हणजे पूर्वीची बीएमएम (बॅचलर ऑफ मास मीडिया); २०१९-२०पासून तिचे नाव बीएएमएमसी (बी.ए. इन मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशन) झाले. ठाण्यात जोशी-बेडेकर, नेरुळला एसआयईएस आणि आसपासच्या इतरही महाविद्यालयांत ती शिकवली जाते, म्हणजे घरी राहण्याची आपली अट सहज पूर्ण होते. परंतु या पदवीची घडण मुळात जाहिरात आणि पत्रकारिता या दोन खांबांवर झालेली आहे. कॅमेरा, संकलन (एडिटिंग), ध्वनी हे विषय येतात, तरी ते अनेक विषयांपैकी काही म्हणून येतात. ज्या विद्यार्थ्याला लिहिणे, मांडणे, लोकांशी बोलणे आणि सोबत थोडी तांत्रिक बाजू असे सगळे हवे असते, त्याला ही पदवी चांगली मानवते. ज्याला दिवसभर यंत्रांत हात घालायचे आहेत, तो दुसऱ्या वर्षी कंटाळलेला दिसतो. अशांसाठी विद्यापीठाची चित्रपट, टेलिव्हिजन आणि नवमाध्यम निर्मिती या विषयातील वेगळी बी.ए. आहे, पण ती मोजक्या महाविद्यालयांत आणि बहुतेक पश्चिम उपनगरांत आहे. पाचपाखाडीहून रोज घाटकोपरपर्यंत लोकल आणि पुढे मेट्रो अशी तयारी असेल, तर त्या पर्यायाचा गंभीरपणे विचार करावा.

पहिली पदवी हा शेवटचा मुक्काम धरू नये. पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट (१९६० साली प्रभात फिल्म कंपनीच्या जागेवर सुरू झालेली), कोलकात्याची सत्यजित राय संस्था, दिल्लीच्या जामिया मिलियातील १९८२ साली सुरू झालेले जनसंज्ञापन केंद्र, पवईच्या आयआयटीतील आयडीसी हा डिझाइनचा विभाग, या सर्वांचे मुख्य अभ्यासक्रम पदवीनंतरचे आहेत. विद्यापीठाचा कलिनातील संज्ञापन आणि पत्रकारिता विभागही आहेच. थोडक्यात, एकविसाव्या वर्षी तिला पुन्हा निवड करता येणार आहे.

महाविद्यालय निवडताना माहितीपत्रकातील स्टुडिओच्या छायाचित्रावर विसंबू नये. उपकरणे देण्या-घेण्याची नोंदवही दाखवा असे सांगावे. कॅमेरा क्रमांक दोन कुणी, कधी नेला आणि कधी परत केला याच्या नोंदी त्या वहीत भरभरून असतील, तर त्या महाविद्यालयात काम चालते. वही कोरी असेल, किंवा स्टुडिओची किल्ली एकाच व्यक्तीकडे असून ती व्यक्ती "आज रजेवर आहे" असे उत्तर मिळाले, तर वातानुकूलित स्टुडिओ असूनही मुलांच्या वाट्याला काही येत नाही हे ओळखावे. मागील वर्षाच्या विद्यार्थ्यांनी केलेले लघुपट पाहायला मागावेत, आणि तेही निवडक नकोत, सगळे हवेत.

रिकामे रीळ

वरील प्रतिसाद सविस्तर आहे, पण मूळ प्रश्नाला तो बगल देतो. या कामासाठी पदवी मुळात हवी का? आज बऱ्या दर्जाचा फोन फोर-के चित्रीकरण करतो, डाव्हिन्ची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती कुणीही उतरवून घेऊ शकतो आणि प्रत्येक तंत्राचे शिक्षण घरबसल्या उपलब्ध आहे. मी स्वतः लग्नाच्या चित्रीकरणातून सुरुवात केली आणि आज माहितीपटांसाठी कॅमेरा करतो. मला काम देणाऱ्यांपैकी एकानेही गुणपत्रिका मागितलेली नाही. आधी केलेले काम मात्र सर्वांनी पाहिले. तीन वर्षे वर्गात बसून "संज्ञापनाची प्रारूपे" पाठ करण्यापेक्षा तीच तीन वर्षे कुणाच्या हाताखाली घालवली तर मुलगी पदवीधरांच्या पुष्कळ पुढे जाईल.

कोपरखैरणे सेक्टर आठ

मी ध्वनिमुद्रक आहे. प्रत्यक्ष चित्रीकरणस्थळी आवाज टिपणे आणि नंतर संवादांचे संकलन करणे अशी दोन्ही कामे करतो. रिकामे रीळ म्हणतात ते खरे आहे, प्रमाणपत्र मलाही कुणी विचारलेले नाही. तरीही त्यांच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही, आणि का ते जरा विस्ताराने लिहितो.

हाताखाली राहून "कसे करायचे" हे लवकर येते. "असेच का करायचे" हे सांगायला तिथे कुणाला सवड नसते. एक साधे उदाहरण घेऊ. नवी मुंबईतील एखाद्या कार्यालयात मुलाखत चित्रित करायची आहे आणि छताला ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडी दिवे आहेत. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात व मंदावतात. सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) आणि शटर १/५०, म्हणजे प्रत्येक चौकट टिपताना ते सेकंदाचा पन्नासावा भाग उघडे, असे ठेवले, तर प्रत्येक चौकटीच्या वाट्याला या चढउतारांची बरोबर दोन आवर्तने येतात आणि चित्र स्थिर दिसते. कॅमेरा ३० चौकटी व १/६० वर राहिला असेल, तर हा हिशेब जुळत नाही आणि भिंतीवर हलके पट्टे सरकू लागतात. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते लक्षात येत नाहीत. संकलनाच्या टेबलावर दिसतात, तेव्हा मुलाखत देणारे गृहस्थ दुबईला पोहोचलेले असतात. ज्याला केवळ "आपण पंचवीसवर ठेवतो" एवढे ठाऊक आहे, तो परदेशी ग्राहकाने ३० चौकटी मागितल्यावर अडतो. ज्याला कारण ठाऊक आहे, तो ३० चौकटी कायम ठेवून शटर १/५० करतो आणि कामाला लागतो.

आवाजाच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. मध्यंतरी नेरुळच्या एका रुग्णालयासाठी माहितीपट करत होतो, डायलिसिस विभागात एका परिचारिकेची मुलाखत होती. यंत्रे बंद करता येत नाहीत, वातानुकूलन बंद करता येत नाही, आणि बाहेर सायन-पनवेल महामार्ग. अशा वेळी माइक तोंडाजवळ नेण्याइतका दुसरा चांगला उपाय नाही, कारण मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते, आणि खोलीतील गुणगुण मात्र आहे तेवढीच राहते. म्हणून बूम (लांब काठीवरचा माइक) दूरवरून धरण्याऐवजी तिच्या गणवेशाच्या पट्टीखाली छोटा कॉलर माइक लावला, कापडाची सळसळ येऊ नये म्हणून तारेचा एक सैल फास चिकटपट्टीने आत बसवला, आणि मुलाखत संपल्यावर सर्वांना पुतळ्यासारखे उभे करून त्या खोलीची नुसती शांतता मिनिटभर मुद्रित केली. ही शांतता संकलनात वाक्यांच्या मधल्या फटी भरायला लागते. ती नसेल तर प्रत्येक कापाला पार्श्वभूमीचा आवाज तुटतो आणि प्रेक्षकाला नेमके काय खटकते ते न कळता खटकत राहते. चित्रीकरण उरकल्यावर घरी निघालेल्या पथकाला मिनिटभर थांबवून ठेवणे हे या व्यवसायातील सर्वांत अवघड काम आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

आता नोकऱ्यांकडे वळतो. बाहेरून पाहणाऱ्याला दिग्दर्शक, कॅमेरामन आणि नट एवढेच दिसतात. एकट्या ध्वनीत किती वाटा आहेत ते पाहा : स्थळावरचा मुद्रक, बूम धरणारा सहायक, संवादांचा संकलक, पावले-भांडी-दरवाजे यांचे आवाज पुन्हा निर्माण करणारा फोली कलाकार, डबिंग स्टुडिओतील अभियंता, अंतिम मिश्रण करणारा, थेट प्रक्षेपणात ध्वनीचे टेबल सांभाळणारा, आणि जुन्या चित्रपटांच्या ध्वनिपट्ट्या स्वच्छ करणारा. या शेवटच्या कामाला आपल्याकडे जागा आहे हे फार थोड्यांना माहीत असते. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालचे आहे आणि रिळे जपण्याचे व पूर्ववत करण्याचे काम दीर्घकाळ चालणारे आहे.

आणि पाचपाखाडी यांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपल्या मुलीकडे बारावीला भौतिकशास्त्र आहे, याचे मोल या क्षेत्रात येणाऱ्या फार थोड्यांना कळते. पुण्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रण व ध्वनिरचना या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी पदवी कोणतीही चालते, पण बारावीला भौतिकशास्त्र असणे आवश्यक आहे. कला शाखेतून आलेली माझ्या ओळखीची कितीतरी गुणी मुले याच अटीपाशी थांबली. तिला ध्वनीत रस आहे की नाही मला ठाऊक नाही. परंतु ते दार तिच्यासाठी उघडे आहे हे तिला सांगावे.

पाचपाखाडी

मनःपूर्वक आभार. ध्वनी हा पर्याय आमच्या बोलण्यात एकदाही आला नव्हता. तिने हा प्रतिसाद दोनदा वाचला. दोन शंका आहेत. घोडबंदर रस्त्यावर मालिकांचे सेट आहेत, ते आम्हाला जवळ पडतात. तिथे मुलींना काम करणे कितपत सुरक्षित आणि वेळेचे असते? आणि या क्षेत्रात महिन्याच्या पगाराची नोकरी असते की सर्वच कंत्राटी असते?

घोडबंदरची कंटिन्युइटी

ताई, पहिल्या शंकेचे उत्तर मी देते, कारण मी त्याच सेटवर उभी असते. मी बीएमएम केले आणि आता मालिकांमध्ये सहायक दिग्दर्शक आहे. सलगता (कंटिन्युइटी), म्हणजे तुकड्यांत चित्रित होणाऱ्या प्रसंगांतील तपशील जुळवून ठेवणे, माझ्याकडे असते.

दैनंदिन मालिकेची गती बाहेरच्याला कल्पनेत येत नाही. शिफ्ट बारा तासांची धरलेली असते, ती लांबते. भागांची बँक, म्हणजे आगाऊ चित्रित करून ठेवलेल्या भागांची शिल्लक, संपत आली की आज चित्रित झालेला प्रसंग दोन-तीन दिवसांत प्रसारित करावा लागतो, आणि संकलक तर अक्षरशः प्रक्षेपणाच्या घड्याळाकडे पाहत काम करतो. एकच प्रसंग सलग चित्रित होईल याची खात्री नसते. सासूबाई दार उघडतात तो अर्धा भाग आज होतो आणि त्या आत येऊन बसतात तो भाग कलाकाराच्या तारखांमुळे पुढच्या आठवड्यात. पदर कोणत्या खांद्यावर होता, निऱ्या किती वर होत्या, टेबलावरच्या पेल्यात पाणी कुठपर्यंत होते, दारामागचे कॅलेंडर कोणत्या महिन्याचे होते, ही सर्व नोंद माझ्या वहीत आणि फोनमधील छायाचित्रांत असते. चूक झाली तर पत्रे येण्याचे दिवस गेले. आता प्रेक्षक रात्री नऊ वाजता चित्र गोठवून समाजमाध्यमांवर टाकतात.

सुरक्षिततेविषयी स्पष्ट लिहिते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा सेटलाही लागू आहे, आणि दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. चांगल्या निर्मितीसंस्थांमध्ये समितीतील सदस्यांची नावे सेटवर लावलेली असतात. मुलाखतीलाच ती विचारावीत. विचारल्यामुळे काम जात नाही, आणि जात असेल तर ते जाऊ द्यावे. रात्री उशिरा पॅकअप झाल्यास घरी सोडण्याची जबाबदारी कुणाची, हे आधी लेखी घ्यावे. घोडबंदर घरापासून जवळ आहे हे नकाशावर खरे आहे, मात्र माजिवडा ते गायमुख हा पट्टा संध्याकाळी किती वेळ घेईल याची हमी कुणी देऊ शकत नाही, हे ठाणेकरांना मी वेगळे सांगायला नको.

पैशांबाबत : मालिकांच्या धंद्यात मोबदला साधारण नव्वद दिवसांनी देण्याची प्रथा आहे. म्हणजे जूनमध्ये केलेल्या कामाचे पैसे सप्टेंबरच्या सुमारास येतात. सुरुवातीच्या महिन्यांत घरचा आधार नसेल तर माणूस मोडतो. माझे एका निर्मितीसंस्थेकडील पैसे मालिका बंद पडल्यावर बरेच महिने अडकले होते. लेखी करार असल्यामुळेच ते शेवटी निघाले. त्यामुळे ठाण्यात स्वतःचे घर असणे ही आपल्या मुलीची खरी शिष्यवृत्ती आहे.

ऐरोली नाका

दुसऱ्या शंकेला माझे उत्तर असे की पगाराच्या नोकऱ्या आहेत, फक्त त्या झगमगाटापासून दूर आहेत. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कंपनीच्या प्रशिक्षण विभागात मी व्हिडिओ निर्मिती पाहतो. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार, भविष्यनिर्वाह निधी, आणि सायंकाळी घरी. यंत्र कसे चालवावे, आग लागल्यास काय करावे, नव्या कामगाराने पहिल्या दिवशी कुठे जावे, असे आमचे विषय असतात. दिग्दर्शक होण्याची स्वप्ने पाहणाऱ्याला हे रुक्ष वाटते. मला तसे वाटत नाही, कारण माझी चित्रफीत समजली नाही तर कुणाचा तरी हात यंत्रात जाऊ शकतो, आणि समजेल अशी चित्रफीत करणे याहून अवघड संज्ञापन कोणते?

शिक्षणासाठी दृक्-श्राव्य माध्यम वापरणे आपल्याकडे नवे नाही. दूरदर्शनवर विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' १५ ऑगस्ट १९८४ रोजी सुरू झाला आणि त्यासाठी विद्यापीठांमध्ये निर्मितीकेंद्रे उभी राहिली. पुणे विद्यापीठातील केंद्र त्यांपैकीच. आज रुग्णालये, संग्रहालये, बँका आणि शैक्षणिक कंपन्या सर्वांनाच असा विभाग लागतो.

आणखी एक वाट वाढत आहे, ती सुगम्यतेची. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६चा कायदा आणि चित्रपटगृहांतील प्रदर्शनासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वे यांमुळे कर्णबधिरांसाठी पडद्यावरील मथळे (कॅप्शन) आणि दृष्टिहीनांसाठी ध्वनिवर्णन यांची मागणी येऊ लागली आहे. संवादांच्या मधल्या दोन-तीन सेकंदांत पडद्यावर काय घडते ते नेमक्या मराठीत सांगणे, हे भाषा आणि वेळ या दोन्हींवर पकड असणाऱ्याचेच काम आहे.

यंत्राने हे सर्व होईल का, अशी शंका पुढे येणारच, म्हणून अनुभव सांगतो. मथळ्यांचा पहिला खर्डा आम्हीही यंत्राकडूनच करून घेतो. परवा त्याने "झडप बंद करा" या सूचनेचे "झटपट बंद करा" असे लिहिले होते. वाक्य व्याकरणाने निर्दोष होते, म्हणून दोघांच्या नजरेतून सुटले. तिसऱ्या तपासणीत सापडले. तपासणाऱ्याची नोकरी तूर्त शाबूत आहे, खर्डा लिहिणाऱ्याची मात्र गेली, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो.

रिकामे रीळ

ध्वनीच्या बाबतीत कोपरखैरणे यांचे म्हणणे मान्य. कॅमेऱ्याच्या बाबतीत माझे मत तेच आहे. एक व्यावहारिक भर घालतो : स्वतंत्र काम करायचे असेल तर पहिल्या दिवसापासून बिल देणे, ग्राहकाने कापलेला टीडीएस विवरणपत्रात दाखवून परत मागणे आणि आगाऊ रकमेशिवाय चित्रीकरणाला न निघणे, हे शिकून घ्यावे. हे कोणत्या महाविद्यालयात शिकवतात ते कुणी सांगावे.

वर्गाबाहेर

आमच्याकडे शिकवत नाहीत, आणि ते शिकवले पाहिजे. नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक (क्रेडिट) आहेत. त्या काळात विद्यार्थ्याने एखाद्या निर्मितीसंस्थेच्या हिशेब विभागात आठवडाभर बसावे, असा प्रस्ताव मी विभागात मांडणार आहे. "संज्ञापनाची प्रारूपे" या शेऱ्याविषयी मात्र मौन बाळगतो. तो विषय मीच शिकवतो.

पाचपाखाडी

काल आम्ही दोन महाविद्यालये पाहिली. एका ठिकाणी नोंदवही मागितल्यावर तेथील कर्मचाऱ्यांनी आनंदाने दाखवली, तिची पाने कोपऱ्यांत फाटलेली होती आणि एका त्रिपादाच्या (ट्रायपॉडच्या) नोंदीसमोर "पाय मोडला, दुरुस्तीस" असे लाल शाईत लिहिले होते. दुसऱ्या ठिकाणी प्राचार्यांचे पत्र आणा असे सांगितले. तिचा अर्ज पहिल्या ठिकाणी भरला आहे. अभियांत्रिकीचा अर्जही भरून ठेवला आहे, तो दिरांच्या समाधानासाठी.

वर्ग सुरू होण्यास अजून अवधी आहे. तोपर्यंत तिने ध्वनीचा सराव करावा असे ठरले आहे. त्यासाठी काय विकत घ्यावे? फार खर्च आत्ता करायचा नाही.

कोपरखैरणे सेक्टर आठ

फोनला जोडता येईल असा साधा तारेचा कॉलर माइक आणि कान पूर्ण झाकणारा, मागून बंद असलेला तारेचा हेडफोन, एवढे पुरे. एकच परिच्छेद तिने स्वयंपाकघरात, गॅलरीत आणि कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर उभे राहून वाचावा, माइक वीतभर अंतरावर आणि मग हातभर अंतरावर ठेवून मुद्रित करावा, आणि सर्व तुकडे एकापाठोपाठ जोडून ऐकावेत. फोनच्या ॲपमधील आवाज आपोआप वर-खाली करणारी सोय आधी बंद करावी, नाहीतर अंतराचा फरक कळणारच नाही. मुद्रणाचा सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झवर ठेवण्याची सवय आत्तापासून लावावी, व्हिडिओच्या कामात तेच चालते. महागडे बिनतारी इअरफोन या कामासाठी घेऊ नयेत. ब्लूटूथवर आवाज चित्राच्या किंचित मागे पडतो, आणि संकलन करताना ओठ व शब्द जुळले आहेत की नाहीत तेच समजेनासे होते.